अ‍ॅडियाबॅटिक लॉजिक: ब्रेडबोर्डपासून सिम्युलेशनपर्यंत

पीमॉस आणि एनमॉस या दोन प्रकारच्या ट्रान्झिस्टरांनी बनलेल्या सीमॉस गेटचं आउटपुट ० वरून १ वर जातं तेव्हा पुरवठ्यातून सी × व्ही² इतकी ऊर्जा निघते (सी म्हणजे आउटपुटचा कपॅसिटन्स, व्ही म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज). तिच्यातली निम्मी आउटपुटच्या कपॅसिटन्सवर साठते आणि निम्मी पीमॉसमध्ये तापून जाते. आउटपुट परत ० वर आलं की साठलेली निम्मीही एनमॉसमधून ग्राउंडला जाते. ट्रान्झिस्टरचा रोध कमी केला तरी या खर्चात तसूभर फरक पडत नाही. रोध कमी असेल तर तेवढीच ऊर्जा लवकर जळते, इतकंच. म्हणून नेहमीच्या डिझाइनमध्ये व्होल्टेज उतरवणं, कपॅसिटन्स कमी करणं आणि विनाकारण स्विचिंग टाळणं एवढेच उपाय हाताशी राहतात.

अ‍ॅडियाबॅटिक लॉजिकमध्ये पुरवठाच स्थिर नसतो. तो शून्यापासून हळूहळू चढतो, थोडा वेळ वर थांबतो आणि पुन्हा हळूहळू उतरतो. उतरताना कपॅसिटरवरचा चार्ज त्याच वाटेने परत घेतो. या चढत्या-उतरत्या पुरवठ्याला पॉवर क्लॉक म्हणतात. पुरवठा आणि आउटपुट यांच्यातला फरक सतत लहान राहिल्यामुळे ट्रान्झिस्टरवर फारसं व्होल्टेज पडत नाही आणि उष्णताही फारशी होत नाही.

या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण आधी गेटचे प्रकार पाठ करतात: ईसीआरएल, पीएफएएल, २एन-२एन२पी आणि आणखी डझनभर. ते नंतर केलं तरी चालतं. बचत किती होणार हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला सुरू होतो त्याच्या) खाली किती चार्ज अडकून राहतो आणि पॉवर क्लॉक तयार करायला किती ऊर्जा लागते. या दोन्ही गोष्टी हाताने मोजता येतात, तेही साध्या सीडी ४००७ आयसीवर. म्हणून सुरुवात ब्रेडबोर्डवर करा, सिम्युलेशन त्यानंतर.

सामान

पुण्यात हे सगळं बुधवार पेठेत, तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतं. गाडी लावायच्या भानगडीत न पडता मंडई मेट्रो स्थानकावर उतरून चालत गेलेलं बरं.

- सीडी ४००७ यूबी: ६, शिवाय २ जादा
- सीडी ४०१३: १
- २एन७००० मॉसफेट: २
- बॅट ८५ शॉट्की डायोड: २
- १ किलोओहम (१ टक्का), १० किलोओहम आणि ३३० किलोओहम रेझिस्टर: प्रत्येकी ५
- १ नॅनोफॅरड कपॅसिटर: १०, आणि १० नॅनोफॅरड: २
- १० मिलिहेन्री इंडक्टर: २
- ०.१ मायक्रोफॅरड: ८, आणि १० मायक्रोफॅरड: २

कपॅसिटर घेताना ‘एनपीओ’ किंवा ‘सी०जी’ प्रकारचे मागा. दुकानदार पटकन हातात ठेवतो ते साधे सिरॅमिक डिस्क घेऊ नका. त्यांचा कपॅसिटन्स व्होल्टेज आणि तापमानाप्रमाणे बदलतो आणि डायलेक्ट्रिकमध्येच ऊर्जा जाते. मग तुम्ही गेटचा खर्च मोजताय की कपॅसिटरचा, हे कळत नाही. एनपीओ मिळाले नाहीत तर पॉलिस्टरचे फिल्म कपॅसिटर चालतील.

उपकरणांत दोन चॅनेलचा फंक्शन जनरेटर (आर्बिट्ररी वेव्हफॉर्मची सोय असलेला), दोन चॅनेलचा डिजिटल स्कोप आणि मायक्रोअँपिअर रेंज असलेला मल्टिमीटर लागतो. इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये हे असतंच.

पायरी १: एक रेझिस्टर, एक कपॅसिटर

१ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड सिरीजमध्ये जोडा. कपॅसिटर जनरेटरच्या बाजूला आणि रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूला ठेवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. रेझिस्टर वर ठेवला तर त्याच्यावरचं व्होल्टेज काढायला दोन चॅनेलची वजाबाकी करावी लागते. ८ बिटच्या स्कोपवर १ व्होल्ट प्रति डिव्हिजन असताना एक पायरी साधारण ३१ मिलिव्होल्टची असते, त्यामुळे ५० मिलिव्होल्टचा फरक त्यात बुडून जातो. शिवाय जनरेटर आणि स्कोप यांचं अर्थिंग एकच असतं. प्रोबची ग्राउंड क्लिप मधल्या बिंदूला लावलीत तर तिथेच शॉर्ट होईल. रेझिस्टर खाली असला की एकाच प्रोबने, २० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर, सरळ वाचता येतं.

इथे आरसी, म्हणजे रोध × कपॅसिटन्स, १० मायक्रोसेकंद आहे. व्होल्टेज ५ ठेवा.

आधी चौकोनी लाट द्या. अर्धा सी व्ही² म्हणजे १२५ नॅनोज्यूल दर चढाला जळतात. जनरेटरचा स्वतःचा ५० ओहम रोध त्यातला थोडा वाटा खातो, म्हणून रेझिस्टरवरचं टोक ५ ऐवजी ४.७६ व्होल्ट दिसेल आणि त्याच्यातली ऊर्जा ११९ नॅनोज्यूलच्या आसपास भरेल. तुमचा आकडा याच्या जवळ आला तर मोजण्याची पद्धत बरोबर आहे. फार वेगळा आला तर पुढे जाऊ नका.

आता समलंब लाट द्या: चढ, वर थांबा, उतार, खाली थांबा. चढाचा वेळ टी धरा. टी आरसीपेक्षा बराच मोठा असेल तर एका चढाचा खर्च असा येतो:

ऊर्जा = (आरसी ÷ टी) × सी × व्ही²

टी १०० मायक्रोसेकंद ठेवला तर रेझिस्टरवर सपाट ०.५ व्होल्ट दिसतं आणि खर्च साधारण २२.५ नॅनोज्यूल होतो. वरच्या सूत्राने २५ येतात. सुरुवातीला करंट चढायला लागणारा वेळ सूत्रात धरलेला नसल्यामुळे हा फरक पडतो. टी १ मिलिसेकंद केला की रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्ट आणि खर्च २.५ नॅनोज्यूल. आता टी २० मायक्रोसेकंद करून पाहा. सूत्र म्हणेल १२५, म्हणजे बचत शून्य. प्रत्यक्षात ७१ च्या जवळ येतात. टी आरसीच्या पाचपटीहून कमी असेल तेव्हा सोप्या सूत्रावर भिस्त ठेवू नका.

लाट साइनसारखी असेल तर त्याच टी मध्ये खर्च π² ÷ ८, म्हणजे सुमारे १.२३ पट होतो. हा आकडा पायरी ४ मध्ये लागेल.

पायरी २: सीडी ४००७ ची ओळख

या आयसीत तीन पीमॉस आणि तीन एनमॉस असतात. पिना अशा:

- पहिली जोडी: गेट ६. पीमॉसचा सोर्स १४, ड्रेन १३. एनमॉसचा ड्रेन ८, सोर्स ७.
- दुसरी जोडी: गेट ३. पीमॉसचा सोर्स २, ड्रेन १. एनमॉसचा ड्रेन ५, सोर्स ४.
- तिसरी जोडी: गेट १०. पीमॉसचा सोर्स ११, एनमॉसचा सोर्स ९, दोघांचा ड्रेन १२.

सगळ्या पीमॉसचं सबस्ट्रेट पिन १४ ला आणि सगळ्या एनमॉसचं पिन ७ ला आतूनच जोडलेलं असतं. त्यामुळे पिन १४ नेहमी सर्किटमधल्या सर्वात उंच व्होल्टेजला आणि पिन ७ सर्वात खालच्या व्होल्टेजला हवी. पॉवर क्लॉक पिन १४ पेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त वर गेला की आतले डायोड सुरू होतात. आयसी लॅच-अपमध्ये (आतून पुरवठा आणि ग्राउंड जवळजवळ शॉर्ट होण्याच्या स्थितीत) जाऊन काही सेकंदांत हाताला चटका देते. याचं नेहमीचं कारण जनरेटरच्या सेटिंगमध्ये सापडतं: आउटपुट लोड ‘५० ओहम’ ठेवलेला असेल तर स्क्रीनवर ५ व्होल्ट दिसतात आणि मोकळ्या टोकाला १० येतात. लोड ‘हाय-झी’ करा आणि आयसी लावण्याआधी स्कोपवर टोक तपासा.

थ्रेशोल्ड मोजून घ्या. पिन १४ ला ५ व्होल्ट, ७ ला ग्राउंड. पिन ६ आणि ८ एकत्र करून ३३० किलोओहममधून ५ व्होल्टला जोडा. सुमारे १० मायक्रोअँपिअर वाहतात आणि पिन ६ वर जे व्होल्टेज दिसतं तो एनमॉसचा थ्रेशोल्ड समजा. पीमॉससाठी पिन ६ आणि १३ एकत्र करून त्याच रेझिस्टरने ग्राउंडला जोडा आणि १४ ते ६ मधला फरक वाचा. १ ते २ व्होल्टमधलं काहीतरी येईल. पुढच्या हिशेबांत १.५ धरलं आहे. तुम्ही तुमचा आकडा घाला. वेगवेगळ्या बॅचच्या आयसींत हा बराच बदलतो, म्हणून एका प्रयोगात एकाच बॅचच्या वापरा.

रोधही मोजा. एनमॉसच्या गेटला ५ व्होल्ट द्या आणि ड्रेन १० किलोओहममधून ५ व्होल्टला जोडा. ड्रेनवर ०.४५ व्होल्ट दिसलं तर रोध १ किलोओहम. याच प्रकारे पीमॉसचाही काढा, कारण पुढे चार्ज जातो-येतो तो पीमॉसमधूनच. खाली १ किलोओहमच धरला आहे.

मार्च-एप्रिलमध्ये पुण्याची हवा अगदी कोरडी असते. सिंथेटिक कपडे घालून ४००७ हाताळू नका, बोटं आधी अर्थिंगच्या धातूला लावा. गेट ऑक्साइड फुटलेली आयसी बरेचदा पूर्ण मरत नाही, नुसती गळते, आणि मग निष्कर्ष विचित्र येत राहतात.

पायरी ३: पहिलं गेट

आपण २एन-२एन२पी प्रकारचा बफर, म्हणजे इनपुट जसंच्या तसं पुढे देणारं गेट, करणार आहोत. मून आणि जाँग यांनी १९९६ मध्ये मांडलेलं ईसीआरएल याहून साधं आहे. त्यात वर एकमेकांच्या ड्रेनला गेट जोडलेले दोन पीमॉस आणि खाली इनपुटचे एनमॉस असतात. पण त्यात इनपुट उतरल्यावर खालच्या पातळीचं आउटपुट कुणालाच जोडलेलं राहत नाही. ब्रेडबोर्डच्या शेजारच्या रांगेतून थोडं जरी कपलिंग झालं तरी ते हलतं. २एन-२एन२पी मध्ये दोन जादा एनमॉस त्याला ग्राउंडला धरून ठेवतात. ४००७ मध्ये पीमॉस आणि एनमॉसचे गेट जोडीने बांधलेले आहेत, त्यामुळे हीच रचना तिथे सहज बसते.

जोडणी:

१. पिन १४ ला स्थिर ५ व्होल्ट, ७, ४ आणि ९ ग्राउंडला. १४ आणि ७ च्या मध्ये, आयसीला चिकटून, ०.१ मायक्रोफॅरड.
२. पिन २ आणि ११ पॉवर क्लॉकला.
३. पिन १, ५ आणि १० एकत्र: हे आउटपुट.
४. पिन १२ आणि ३ एकत्र: हे उलट आउटपुट.
५. पिन ८ उलट आउटपुटला. पिन ६ हे इनपुट. पिन १३ मोकळी सोडा.
६. दुसऱ्या, फक्त एनमॉससाठी घेतलेल्या आयसीत १४ ला ५ व्होल्ट, ७ आणि ४ ग्राउंडला. तिची पिन ५ आउटपुटला. पिन ३ हे उलट इनपुट. पिना १ आणि २ मोकळ्या. न वापरलेले गेट ग्राउंडला बांधा.
७. दोन्ही आउटपुटांवरून ग्राउंडला प्रत्येकी १ नॅनोफॅरड.

हा १ नॅनोफॅरड मुद्दाम मोठा घेतला आहे. स्कोपचा १०× प्रोब साधारण १०-१५ पिकोफॅरडचा असतो आणि ब्रेडबोर्डची रांगही काही पिकोफॅरडची. लोड त्याच मापाचा ठेवला तर प्रोब लावल्या-काढल्यावर निकाल बदलेल.

पॉवर क्लॉक समलंब लाटेचा द्या: चढ, थांबा, उतार, विश्रांती, प्रत्येकी २० मायक्रोसेकंद. एक फेरा ८० मायक्रोसेकंदांचा. दुसऱ्या चॅनेलवरून तशीच लाट इनपुटला द्या, पण एक चतुर्थांश फेरा आधी. उलट इनपुट सध्या ग्राउंडला. क्लॉक चढायला लागतो तेव्हा इनपुट वर पोचलेलं असतं आणि क्लॉक वर थांबलेला असताना इनपुट उतरून जातं. अ‍ॅडियाबॅटिक साखळीतलं प्रत्येक गेट पुढच्या गेटला असंच खाऊ घालतं, म्हणून एकमेकांच्या पाव फेरा मागे चालणारे चार पॉवर क्लॉक, म्हणजे चार फेज, लागतात.

स्कोपवर क्लॉक आणि आउटपुट एकावर एक ठेवून पाहा. क्लॉक थ्रेशोल्डपर्यंत येईतो आउटपुट शून्यावर राहील, मग झटकन उडी मारून क्लॉकला गाठेल आणि साधारण पाव व्होल्ट मागे राहून चढेल. करंट सी × व्ही ÷ टी, म्हणजे ०.२५ मिलिअँपिअर, आणि रोध १ किलोओहम. म्हणून पाव व्होल्ट. एक व्होल्टभर मागे राहत असेल तर टी वाढवा. उतरताना आउटपुट क्लॉकबरोबर येईल आणि १.५ व्होल्टच्या आसपास अडकून बसेल. तिथे पीमॉस बंद झालेला असतो, परत जायला वाटच उरत नाही.

हे अडकणं नीट न्याहाळा. पुढच्या फेऱ्यात इनपुट तेच असेल तर अडकलेला चार्ज जागीच राहतो, फारसं नुकसान नाही. इनपुट बदललं तर एनमॉस तो ग्राउंडला टाकतो आणि दुसरीकडचं आउटपुट शून्यापासून उडी मारून सुरू होतं. जुन्या बाजूचा अर्धा आणि नव्या बाजूचा अर्धा मिळून नुकसान सुमारे सी × व्हीटी² पर्यंत जातं (व्हीटी म्हणजे थ्रेशोल्ड). इथे ते २.२५ नॅनोज्यूल आहे. साध्या सीमॉसचा पूर्ण फेरा २५ नॅनोज्यूलचा, म्हणजे ९ टक्के. टी कितीही वाढवला तरी हे ९ टक्के हलत नाहीत.

व्होल्टेज उतरवल्यावर काय होतं

लो-व्होल्टेज सर्किटांसाठी या विषयाकडे वळणाऱ्यांची सर्वात मोठी फसगत इथे होते. सीमॉसची सवय असते: व्होल्टेज ५ वरून ३ केलं की खर्च ३६ टक्क्यांवर येतो. अ‍ॅडियाबॅटिकमध्ये तसं होत नाही.

एक तर सी × व्हीटी² मध्ये व्ही नाहीच. ५ ला ते २.२५ नॅनोज्यूल होतं, ३ ला तेवढंच राहतं. सीमॉसच्या तुलनेत त्याचा वाटा ९ वरून २५ टक्क्यांवर जातो.

दुसरं म्हणजे ट्रान्झिस्टरचा रोध (व्ही − व्हीटी) च्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्याच टी ला अ‍ॅडियाबॅटिक खर्च व्ही² ÷ (व्ही − व्हीटी) च्या प्रमाणात बदलतो. १.५ व्होल्ट थ्रेशोल्ड धरून आकडे घाला: ५ ला ७.१, ३ ला ६, २ ला ८. म्हणजे सर्वात कमी खर्च व्ही = २ × व्हीटी ला, आणि त्याखाली खर्च परत चढतो. थ्रेशोल्डच्या अगदी जवळ हे साधं मॉडेल ढासळतं, पण दिशा तीच राहते.

१८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाच्या चिपवरच्या गेटसाठी अंदाज करू. रोध १० किलोओहम, लोड २० फेम्टोफॅरड, थ्रेशोल्ड ०.४५ व्होल्ट, टी १० नॅनोसेकंद. १.८ व्होल्टला सीमॉसचा फेरा ६४.८ फेम्टोज्यूल. अ‍ॅडियाबॅटिकचा चढ-उतार मिळून २.६ आणि अडकलेल्या चार्जचे ४.०५, एकूण ६.६, म्हणजे सुमारे ९० टक्के बचत. आता ०.९ व्होल्टला या: सीमॉस १६.२, अ‍ॅडियाबॅटिक १.९ अधिक ४.०५, साधारण ६. बचत ६३ टक्क्यांवर घसरली आणि प्रत्यक्ष खर्च जेमतेम ०.६५ फेम्टोज्यूलने कमी झाला. ०.६ व्होल्टला तर चढ-उताराचा खर्च १.८ व्होल्टइतकाच येतो.

बरं, १.८ व्होल्टवर टी दहापट करून १०० नॅनोसेकंद केला तर? चढ-उतार ०.२६ वर येतो, एकूण ४.३. वेग दहापट गमावून बचत ९० ची ९३ टक्के झाली. असा सौदा कोणी करू नये. त्यापेक्षा कमी थ्रेशोल्डचा पीमॉस निवडणं फायद्याचं, पण त्याची गळती वाढते. गळतीचा खर्च टी बरोबर वाढतो आणि चढ-उताराचा खर्च टी बरोबर घटतो; दोन्ही जिथे सारखे होतात तो टी सर्वात चांगला. तुमचा टी त्याच्या पलीकडे असेल तर सर्किट हळू चालवून तुम्ही उलट जास्त ऊर्जा घालवताय.

या विषयावरच्या प्रत्येक चर्चेत लँडाउअरची १९६१ ची मर्यादा, म्हणजे एक बिट पुसायला लागणारी किमान ऊर्जा, हटकून निघते. खोलीच्या तापमानाला ती सुमारे २.९ × १०⁻²¹ ज्यूल आहे. वरचे ४ फेम्टोज्यूल तिच्या दहा लाखपटींहून जास्त आहेत, तेव्हा सध्या तिची काळजी नको.

पायरी ४: पॉवर क्लॉक खरोखर तयार करणं

आतापर्यंत क्लॉक जनरेटरने दिला. जनरेटर परत आलेला चार्ज साठवत नाही, स्वतःच्या आउटपुट स्टेजमध्ये जाळतो. म्हणजे पायरी ३ मध्ये ऊर्जा वाचलेली नाही, फक्त जागा बदलून जळली आहे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘९० टक्के बचत’ लिहिताना हीच गोष्ट हमखास सुटते. चार्ज खरोखर परत वापरायचा तर इंडक्टर लागतो.

पायरी ३ चे चार बफर समांतर लावा. सगळ्यांना तेच इनपुट. प्रत्येक बफरची मुख्य आयसी अशा चार आणि फक्त एनमॉससाठी दोन, अशा सहा आयसी लागतात (एका आयसीत तीन एनमॉस वापरता येतात, तिसऱ्याचा गेट १०, ड्रेन १२, सोर्स ९, पिन ११ मोकळी). प्रत्येक बफरचं नेहमी एकच आउटपुट चार्ज होतं, डेटा काहीही असो. म्हणून क्लॉकला दिसणारा लोड ४ नॅनोफॅरडवर टिकतो आणि इंडक्टर आणि हा लोड यांच्या रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी डेटाबरोबर सरकत नाही. दुहेरी आउटपुटाचा हा फायदा पुस्तकांत एका ओळीत उरकतात, प्रत्यक्षात त्याच्याशिवाय रेझोनेटर टिकणार नाही. मात्र दोन्ही बाजूंचे १ नॅनोफॅरड सारखे हवेत, जमलं तर मीटरवर जोड्या लावून घ्या.

१. बदलता येणारा डीसी पुरवठा → मायक्रोअँपिअर मीटर → १० मायक्रोफॅरड ग्राउंडला → १० मिलिहेन्री इंडक्टर → क्लॉकचा बिंदू.
२. क्लॉकच्या बिंदूवरून ग्राउंडला २एन७०००, आणि त्याला समांतर बॅट ८५ (कॅथोड क्लॉककडे), म्हणजे क्लॉक शून्याच्या फार खाली जाणार नाही.
३. जनरेटरवरून २एन७००० च्या गेटला ५ व्होल्टचा पल्स, २५ किलोहर्ट्झ, रुंदी ४ मायक्रोसेकंद.
४. तोच पल्स सीडी ४०१३ (डी फ्लिप-फ्लॉप) च्या क्लॉकला. तिची डी पिन उलट आउटपुटला जोडा, सेट आणि रीसेट ग्राउंडला. तिचे दोन आउटपुट म्हणजे बफरचं इनपुट आणि उलट इनपुट. ते दर फेऱ्याला, क्लॉक तळाशी असतानाच बदलतात.
५. ४००७ ची पिन १४ आणि ४०१३ वेगळ्या ५ व्होल्टवर ठेवा आणि त्यांचा करंट स्वतंत्र नोंदवा.

डीसी पुरवठा १.५ व्होल्टपासून सुरू करा आणि क्लॉकचं वरचं टोक ५ ला टेकेल तिथे थांबा. पुस्तकी हिशेबाने २.५ व्होल्ट लागायला हवेत, पण क्यू (इंडक्टरचा रिअ‍ॅक्टन्स भागिले एकूण रोध) कमी असताना लाट पुरवठ्याच्या दुपटीच्या वर जाते. सरळ २.५ दिलेत तर पिन १४ ओलांडली जाईल.

१० मिलिहेन्री आणि ४ नॅनोफॅरड यांची फ्रिक्वेन्सी २५.२ किलोहर्ट्झ येते. थ्रेशोल्डच्या खाली गेटचा लोड क्लॉकपासून सुटतो, म्हणून खरी थोडी जास्त भरेल. २० ते ३५ किलोहर्ट्झमध्ये हळूहळू फिरवून मीटरवरचा करंट सर्वात कमी येतो ती जागा पकडा. तिथे २एन७००० सुरू होण्याच्या क्षणी क्लॉक तळाला असतो. स्कोपवर तळाशी उभी कडा दिसत असेल तर मॉसफेट चार्ज असलेला बिंदू शॉर्ट करतोय, फ्रिक्वेन्सी बदला.

किती यायला हवं? चार गेटांचा समांतर रोध २५० ओहम आणि इंडक्टरच्या वायरचा साधारण ६० (मीटरने मोजा). १० मिलिहेन्रीचा रिअ‍ॅक्टन्स सुमारे १,५८० ओहम, म्हणजे क्यू ५. एका फेऱ्याचा खर्च १५ ते १६ नॅनोज्यूल. डेटा दर फेऱ्याला बदलतोय म्हणून अडकलेल्या चार्जचे ९ पर्यंत धरा. एकूण २५ च्या आसपास. याच लोडला साध्या सीमॉसचा फेरा १०० नॅनोज्यूल. २५ किलोहर्ट्झवर पुरवठ्यातून ०.४ ते ०.६ मिलिवॅट, म्हणजे २ व्होल्टला २०० ते ३०० मायक्रोअँपिअर. यात २एन७००० चा गेट चालवायचा खर्चही मिळवा: ५० पिकोफॅरड धरला तर १.२५ नॅनोज्यूल.

आकडा बराच जास्त आला तर या क्रमाने बघा: वरचं टोक पिन १४ च्या वर जातंय का, मॉसफेटच्या पल्सची रुंदी जास्त आहे का, इंडक्टरच्या वायरचा रोध शंभराच्या वर आहे का. लाट वाकडीतिकडी असेल तर क्लॉकच्या बिंदूवर थेट ४ नॅनोफॅरड जादा लावून बघा. फ्रिक्वेन्सी १८ किलोहर्ट्झकडे उतरते आणि लाट सुधारते, पण फिरणारा करंट वाढल्याने इंडक्टरचा खर्च वाढतो. छोट्या प्रयोगात हा सौदा परवडतो.

मोठ्या चिपमध्येही ही कल्पना उतरली आहे, पण फक्त क्लॉकच्या जाळ्यापुरती: एएमडीने २०१२ मध्ये पाइलड्रायव्हर या प्रोसेसर कोअरसाठी रेझोनंट क्लॉक मेश वापरल्याचं जाहीर केलं होतं. तिथलं लॉजिक नेहमीचंच होतं.

पायरी ५: सिम्युलेशन

एनजीस्पाइस हा सर्किट सिम्युलेटर मोफत आहे. मॉडेलसाठी अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची प्रेडिक्टिव्ह मॉडेल किंवा स्कायवॉटरचं १३० नॅनोमीटरचं खुलं पीडीके (चिप डिझाइनसाठी लागणाऱ्या मॉडेल आणि नियमांचा संच) घ्या. ज्यांना लेआउटपर्यंत जायचं आहे त्यांनी दुसरं निवडावं.

पल्स सोर्सच्या सात किमतींचा क्रम: आधीचं व्होल्टेज, नंतरचं व्होल्टेज, विलंब, चढ, उतार, वरची रुंदी, कालावधी. रुंदीत चढ-उतार धरायचे नसतात. म्हणून चढ, उतार आणि रुंदी तिन्ही टी, आणि कालावधी ४ टी. चार फेजसाठी विलंब ०, टी, २ टी, ३ टी. रुंदीत २ टी घातला तर शेजारच्या फेज एकमेकींवर चढतात आणि सर्किट ‘चालतंय’ असं वाटत राहतं.

ऊर्जा काढताना व्होल्टेज गुणिले करंट यांचं इंटिग्रल पूर्ण फेऱ्यावर घ्या, तेही पहिले चार-पाच फेरे सोडून. डेटा दर दोन फेऱ्यांनी परत येत असेल तर दोन फेऱ्यांवर घ्या, नाहीतर साठलेली ऊर्जाच खर्च म्हणून मोजली जाते. इनपुटचे सोर्सही बेरजेत धरा. ते आदर्श असल्याने पुढच्या गेटचा खर्च गुपचूप उचलतात. पहिल्या आणि शेवटच्या गेटचे आकडे यामुळे विश्वासार्ह नसतात. सहा गेटांची साखळी करून मधल्या दोघांची ऊर्जा घ्या.

रेलटोल (सिम्युलेटरला चालणारी सापेक्ष चूक) मुळात १०⁻³ असतो, तो १०⁻⁵ करा, आणि वेळेची कमाल पायरी टी च्या शंभराव्या भागाएवढी ठेवा. परत येणारी आणि गेलेली ऊर्जा जवळजवळ सारखी असते. तुम्हाला हवा तो त्यांच्यातला छोटा फरक, आणि ढिल्या सेटिंगमध्ये तो कधी कधी ऋण येतो. ऋण खर्च दिसला तर शोध लागलेला नाही, पायरी मोठी आहे. टी मायक्रोसेकंदांत असेल तर जीमिनकडेही बघा: सिम्युलेटर स्वतःहून घालतो तो १०⁻¹² सीमेन्सचा खोटा कंडक्टन्स गळतीत मिसळतो.

पायरी ६: बफरच्या पुढे

अँड गेटला उलट आउटपुटच्या बाजूचे, सरळ इनपुट घेणारे, दोन एनमॉस सिरीजमध्ये आणि आउटपुटच्या बाजूचे, उलट इनपुट घेणारे, दोन समांतर. ऑर मध्ये त्याची अदलाबदल. सिरीजमधल्या ट्रान्झिस्टरची रुंदी वाढवायचा मोह होईल, पण २एन-२एन२पी मध्ये चार्ज पीमॉसमधून जातो, एनमॉस फक्त खालची पातळी धरतात. त्यांची रुंदी वाढवली तर मागच्या गेटचा लोड तेवढा वाढतो आणि पदरात काही पडत नाही.

खरा खर्च साखळी बांधताना कळतो. प्रत्येक गेट एक फेज घेतं, त्यामुळे एका गेटच्या दोन इनपुटांनी सारख्याच फेज पार केलेल्या असायला हव्यात. ४ बिटचा रिपल कॅरी अ‍ॅडर घ्या: बेरीज आणि कॅरी मिळून ८ गेट. दुसऱ्या बिटच्या दोन्ही इनपुटांना एक फेज, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन थांबावं लागतं. त्यासाठी १२ बफर. पहिल्या तीन बिटांची बेरीज चौथ्याबरोबर बाहेर यायला आणखी ६. म्हणजे कामाची ८ गेट आणि नुसते वाट बघणारे १८ बफर. ८ बिटला हे प्रमाण आणखी बिघडतं. सीमॉसशी तुलना गेटला गेट लावून न करता पूर्ण अ‍ॅडरला अ‍ॅडर लावून करा. फेज कमी लागतील अशी रचना निवडा. गेट थोडी वाढली तरी चालेल.

चार फेजसाठी साधारणपणे दोन रेझोनेटर घेतात: एकाच्या दोन टोकांवर ० आणि १८० अंश, दुसऱ्यावर ९० आणि २७०. इथे चारही फेजवरचा कपॅसिटन्स सारखा हवा. अ‍ॅडरमध्ये तो आपोआप सारखा येत नाही, एखाद्या फेजवर सात गेट आणि दुसरीवर सहाच असं होतं. फरक मोजून कमी भरणाऱ्या फेजवर तेवढा कपॅसिटर जादा लावा आणि मगच ९० अंशांचा फरक जुळवायला घ्या. आधी जुळवलात तर लोड बदलल्यावर पुन्हा जुळवावा लागेल.